एकशे चौदा लिटर पाणी

प्रमिलाबाई तिरोडकर सात वर्षांच्या होत्या तेव्हा स्कायलॅब पडणार होतं. ते नक्की काय आहे हे कातळवाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. पण अमेरिकेचं आकाशातलं घर पडतंय आणि ते आपल्याच डोक्यावर पडणार, याबद्दल गावाची खात्री होती. आजोबांनी खुराड्यातल्या अकराही कोंबड्या आठवड्याभरात खाऊन संपवल्या. मरायचंच आहे तर मुंगसांसाठी कशाला ठेवायच्या, असं त्यांचं म्हणणं. स्कायलॅब पडलं ऑस्ट्रेलियात. पुढे वर्षभर घरात अंडं दिसलं नाही, आणि आजी दर रविवारी आजोबांना त्याची आठवण करून देत राहिली.

सत्तर वर्षांनी, फेब्रुवारीतल्या एका दुपारी, त्याच गावाच्या सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळपठारावर, नऊ हजार माणसं चटया अंथरून, भेळ खात, आकाशातून पडणारं दुसरं घर बघायला जमली होती. या वेळी घर आपलं होतं आणि भीती कुणालाच नव्हती. भिण्याचं काम सरकारने ‘निर्णायक’कडे सोपवलं होतं.

निर्णायक म्हणजे अंदाज करणारं यंत्र. वादळ कुठे येईल, धरण कधी भरेल, दरड कुठे कोसळेल, सगळं ते सांगायचं, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायचं. पूर्वी चार तज्ज्ञ पाच अंदाज द्यायचे आणि लोक सहावंच काहीतरी करायचे. ते बंद व्हावं म्हणून अधिकृत अंदाज कायदा आला. निर्णायक सांगेल तोच अंदाज. त्याविरुद्ध जाहीर बोलणं हा गुन्हा. ‘पावसाने आता परवानगी काढूनच पडायचं म्हणायचं,’ असं प्रमिलाबाई तेव्हा दळणाच्या रांगेत म्हणाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांना समज देणारा संदेश आला. त्यांनी तो छापून घेऊन स्वयंपाकघरात लावला.

आज मात्र सरकारने त्यांना गाडी पाठवून आणलं होतं. शाल आणि नारळ मिळणार होता. ‘नभोनिवास’ नावाची ती अंतराळ प्रयोगशाळा ज्या कारखान्यात जुळवली गेली, तिथे त्या वजनघरात होत्या. अकरा वर्षं प्रत्येक स्क्रू, प्रत्येक वायर त्यांच्या काट्यावरून पुढे गेली. वजनघरात पंखा नसे, कारण वाऱ्याने काटा हलायचा. बायका दारातच बांगड्या आणि मंगळसूत्र डब्यात काढून ठेवायच्या. केसातल्या पिनासुद्धा मोजून आत आणि मोजून बाहेर. वजन झालं की प्रमिलाबाई त्या भागाच्या कोपऱ्यात पोलादी ठसा ठोकायच्या: वजनाचा आकडा आणि ‘प्र. ति.’. पुढे या नभोनिवासात सत्तावीस प्रयोग झाले आणि त्यांच्यावर दीडशे भाषणं झाली. आता त्याचं आयुष्य संपलं होतं. संध्याकाळी सहा बावन्नला ते वायव्येकडून येऊन समुद्रावर जळणार होतं. मतदारांना ते दिसावं म्हणून वेळही सूर्यास्तानंतरची निवडली होती.

मंडपाच्या बाजूला प्रदर्शन होतं. काचेच्या पेटीत नभोनिवासाची हातभर प्रतिकृती आणि शेजारी निर्णायकाचा बोलका पडदा. साडेतीन वाजले होते. शाल पाच वाजता होती, म्हणून प्रमिलाबाई पडद्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“एकूण यंत्रभाग एक्केचाळीस हजार दोनशे सहा,” पडदा गोड आवाजात सांगत होता. “त्यातले एकशे नऊ भाग न जळता खाली येतील. ते सगळे किनाऱ्यापासून नव्वद किलोमीटर दूर समुद्रात पडतील. आपण पूर्ण सुरक्षित आहात.”

“त्या एकशे नवांत फलक धरलेत का रे?” प्रमिलाबाईंनी सहज विचारलं.

“फलक नावाचा यंत्रभाग नोंदीत नाही.”

“नावांचे फलक. दाराच्या आतल्या बाजूला. तीन.”

“असा यंत्रभाग नोंदीत नाही. आपला दिवस आनंदात जावो.”

प्रमिलाबाईंनी पर्समधली पाण्याची बाटली काढली, तोंडाशी नेली आणि न पिताच पुन्हा बंद केली. पाण्यावरूनच त्यांना सगळं आठवलं होतं.

नभोनिवास बांधता बांधता तीन सरकारं झाली होती. पहिल्या मंत्र्यांनी आपल्या नावाचा फलक दाराच्या आतून बसवला. नाव अमर राहिलं पाहिजे, गंजता कामा नये, वितळता कामा नये, असा त्यांच्या कार्यालयाचा आग्रह. म्हणून टायटॅनियमची बोटभर जाड पाटी आणि तिच्यावर सोन्याची अक्षरं. सरकार बदललं, दुसरे मंत्री आले. अनावरण झालेला फलक काढता येत नाही, असा नियम निघाला. म्हणून त्यांचा फलक पहिल्याच्या छातीवर बसला. तिसऱ्यांचा त्याच्यावर. दर वेळी फक्त बोल्ट लांब करावे लागले. आणि फलक ही यंत्रातली वस्तू नव्हे, ती समारंभातली वस्तू, म्हणून त्याला भागक्रमांक मिळाला नाही.

पण काट्याला समारंभ कळत नाही. उड्डाणाआधीच्या शेवटच्या वजनात एकशे चौदा किलो जास्त भरले. सबनीस साहेब, म्हणजे विभागाचे प्रमुख, डोकं धरून बसले. फलक काढावा तर तीन सरकारांचा अपमान, ठेवावा तर रॉकेट उचलणार नाही. तेव्हा प्रमिलाबाईच म्हणाल्या होत्या, “साहेब, टाकीत पाणी एकशे चौदा लिटर कमी भरू. कागदावर टाकी भरलेली दाखवू. लिटरला किलो, हे तर शाळेतलं गणित. पाणी काय, पुढच्या फेरीत वर जाईलच.”

“प्रमिलाबाई,” सबनीस म्हणाले होते, “तुम्ही प्रश्नच पिऊन टाकलात.”

ताळा जमला, खाली सही प्रमिलाबाईंची. त्या दिवशी वजनघरात पेढे वाटले होते. गेली बावीस वर्षं निर्णायकाच्या लेखी दाराशी काहीच नव्हतं, आणि टाकीत होतं ते अंतराळवीरांनी कधीच पिऊन संपवलेलं पाणी.

सड्यावरचा अधिकाऱ्यांचा तंबू मंडपामागे होता. ऋजुता तिथे पाण्याच्या टँकरवाल्याशी फोनवर भांडत होती. ती या भागाची प्रांताधिकारी आणि प्रमिलाबाईंच्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ आणि भावजय लवकर गेली. पोरीला दहाव्या वर्षापासून आत्यानेच वाढवलं.

“आत्या, शाल पाचला. बस ना जरा, चहा घे.”

“ऋजू, फोन ठेव. हे लोक इथून हलवायला पाहिजेत.”

ऋजुता हसली. “आज तरी टोमणे नकोत गं. ऐकणारी यंत्रं लावलीत सगळीकडे.”

“टोमणा मारताना मी बसलेली असते,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “आता उभी आहे, बघ.”

त्यांनी सगळं सांगितलं. ऋजुताने शांतपणे ऐकलं आणि मग एकच विचारलं, “पण जळेल ना तेही? बाकीचं जळतं तसं?”

“खाली येताना वेग सेकंदाला सात किलोमीटरच्या वर. पुढची हवा दाबली जाऊन भट्टीसारखी तापते. ॲल्युमिनियम साडेसहाशे अंशांवर पाणी होतं, म्हणून सगळा सांगाडा फुलबाजीसारखा जाईल. टायटॅनियमला साडेसोळाशेच्या वर लागतात. आणि या तीन पाट्या एकावर एक आवळलेल्या, म्हणजे घट्ट ठोकळा. तो आतपर्यंत तापेपर्यंत भट्टी विझलेली असेल.”

“मग तोही समुद्रात पडेल.”

“कागदाचा बोळा आणि नदीतला गोटा एकाच जोराने फेक. बोळा चार पावलांवर पडतो. गोटा पुढे जातो. बाकीचे तुकडे किनाऱ्याच्या नव्वद किलोमीटर आधीच थांबतील. हा थांबणार नाही. आणि नभोनिवासाची वाट कुठून जाते, तो नकाशा तुझ्याच मागे लावलाय.”

ऋजुताने मागे वळून पाहिलं. निळी रेघ समुद्रावरून तिरकी येऊन किनाऱ्याआधीच संपत होती. नजरेने ती तशीच पुढे ओढली, तर सड्यावरून जात होती.

तिने आत्याला सबनीस साहेबांना फोन लावायला सांगितलं, स्पीकरवर. साहेब आता चौऱ्याऐंशी वर्षांचे, पुण्यात लेकाकडे. आवाज बारीक झाला होता, पण सावधपणा तोच.

“प्रमिलाबाई, किती वर्षं झाली त्याला. आणि अशा गोष्टी फोनवर…”

“फलक होते की नाही, एवढंच हिला सांगा.”

पलीकडे बराच वेळ फक्त टीव्हीचा आवाज आला. टीव्हीवर याच सड्याचं थेट प्रक्षेपण चालू होतं.

“मला आता नीटसं आठवत नाही,” सबनीस म्हणाले. मग हलकेच, “तुम्ही स्वतः तिथे थांबू नका,” आणि फोन बंद झाला.

ऋजुताचा चेहरा उतरला. तिने तंबूची कनात ओढून घेतली आणि टेबलावरच्या निर्णायकाला विचारलं, नोंद बदलायची तर काय करावं लागेल.

“मूळ नोंद खोटी असल्याची कबुली मूळ सही करणाऱ्याने दिल्यास फेरगणना करता येईल,” तो म्हणाला. “कबुलीबरोबर गुन्हा आपोआप दाखल होईल. शिक्षा तीन ते सात वर्षं. पुढे जायचं का?”

“पुढे जायचं का विचारतो. सभ्य आहे,” म्हणत प्रमिलाबाईंनी चष्मा पुसला.

“थांब,” ऋजुताने त्यांचा हात धरला. “सही नको. माझा तुझ्यावर विश्वास आहे.”

“तुझ्या विश्वासावर नऊ हजार माणसं हलवशील? अधिकृत अंदाजाविरुद्ध?”

बाहेर कुणीतरी माईक तपासत होतं. एक, दोन, तीन.

“सत्त्याहत्तर वय आहे तुझं, आत्या. सात वर्षं म्हणजे काय, कळतं का तुला?”

“बेरीज-वजाबाकीच केली गं जन्मभर,” प्रमिलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी काचेवर अंगठा टेकवला.

पाच वाजून सहा मिनिटं झाली होती. मंडपातून त्यांचं नाव पुकारलं गेलं, दोनदा. मग त्यांची शाल दुसऱ्याच कुणाला तरी दिली गेली असावी, कारण टाळ्या वाजल्या. पंधरा मिनिटांनी नकाशावर लाल रेघ उमटली. ती समुद्र ओलांडून सड्यावरून जात होती.

“सड्यावर पडण्याची शक्यता अकरा टक्के,” निर्णायक म्हणाला. “सुधारित अंदाज प्रसिद्धीच्या मंजुरीसाठी मंत्रालयाकडे पाठवला आहे. सरासरी कालावधी, चार कामकाजाचे दिवस. तोपर्यंत जुना अंदाज अधिकृत राहील.”

“आत्ता दीड तास उरलाय,” ऋजुता म्हणाली.

“आपली सूचना नोंदवली आहे.”

ऋजुताने मंत्रालयात तीन फोन केले. पहिल्याने दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्याने तिसऱ्याचा. तिसऱ्याने विचारलं, “अकरा टक्के म्हणजे एकोणनव्वद टक्के काहीच होणार नाही ना मॅडम? मग कशाला?” मंत्री स्वतः मुंबईतच होते. सड्यावर फक्त त्यांची तीस फुटी प्रकाशमूर्ती उभी राहणार होती, आणि तिच्यावर काहीही पडलं तरी चालणार होतं.

ऋजुता खुर्चीत बसली. “धोका आहे असं मी माईकवर म्हटलं, तर पुढच्या वाक्याला माईक बंद होईल. लोकही हलणार नाहीत. निर्णायकावर डोळे मिटून विश्वास आहे त्यांचा. सड्यावर माझ्या हातात आहे काय? शौचालयं, टँकर आणि गाड्या.”

खासगी वाहनांना सड्यावर बंदी होती. सगळ्यांना दीडशे बसमधून आणलं होतं आणि बस घाटाखाली, उत्तरेला उभ्या होत्या.

प्रमिलाबाईंना वडील आठवले. चपला हातात, धोतराचा सोगा काखेत, बाजारातून शेवटच्या गाडीमागे धावणारे वडील. त्या गाडीसाठी त्यांनी एकदा सख्ख्या मेहुण्याच्या लग्नाची पंगत अर्धी सोडली होती.

“मग गाड्या सोड,” त्या म्हणाल्या.

ऋजुता उठली आणि स्वतः माईकवर गेली.

“सर्व प्रवाशांना सूचना. परतीच्या सगळ्या गाड्या सहा वाजता घाटाखालून सुटतील. सहानंतर एकही गाडी मिळणार नाही. ज्याला राहायचं त्याने आपल्या जबाबदारीवर राहावं.”

सड्यावर एकच कल्लोळ झाला. लोकांनी सरकारचा उद्धार केला, प्रांताधिकाऱ्यांच्या सात पिढ्या काढल्या, आणि हे सगळं करता करता चटया गुंडाळल्या. आकाशाबद्दल सरकार काय सांगतं ते खरं की खोटं, याची चर्चा करायला वेळ असतो. गाडी सुटणार आणि पुन्हा येणार नाही, यावर मात्र त्या नऊ हजारांतल्या एकानेही शंका घेतली नाही.

“मेल्या, उठ,” एक म्हातारी नवऱ्याला हलवत होती. “गाडी गेली तर घराक कसो जातलस? तुझो मंत्री येतलो काय पोचवूक?”

“आगो, पण ता जळताना बघूचा होता…”

“गाडीत बसान बघ. जळता ता वरच जळता.”

सहाला पहिल्या गाड्या हलल्या. सव्वासहाला सूर्य समुद्राला टेकायला आला, तरी दोनेकशे माणसं उरलीच. ऋजुता पोलिसांना घेऊन चटई चटईपाशी गेली. कुणाला दरडावलं, कुणाला हात जोडले. न हलण्याची पैज लावून बसलेल्या एका मास्तरांना दोघांनी उचलून जीपमध्ये घातलं. साडेसहाला प्रकाशमूर्ती उजळली आणि रिकाम्या खुर्च्यांना उद्देशून “माझ्या बंधू-भगिनींनो” म्हणाली. पावणेसातला शेवटची जीप निघाली. तिच्यात ऋजुता आणि प्रमिलाबाई होत्या.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर ऋजुताने जीप थांबवली.

सहा बावन्नला वायव्येला एक ठिणगी दिसली. तिच्या चार झाल्या, मग शंभर. लांबच लांब सोनेरी झालर समुद्रावरून आवाज न करता सरकत आली आणि एकेक धागा विझत गेला. खालच्या गाड्यांतून टाळ्या आणि शिट्ट्या आल्या. प्रमिलाबाईंनी हात नकळत जोडले होते. अकरा वर्षं हातांनी तोललेली वस्तू होती ती.

मग अंधारलं. विझलेला ठोकळा दिसत नाही. त्याला खाली यायला पाच मिनिटं लागणार होती.

ऋजुता घड्याळाकडे बघत होती. चोपन्न. पंचावन्न. तिच्या फोनवर वरिष्ठांचे संदेश येऊन पडत होते. ती वाचत नव्हती. सत्तावन्न. वरून प्रकाशमूर्तीच्या भाषणाचे तुकडे ऐकू येत होते. अठ्ठावन्न.

काहीच झालं नाही.

“अकरा टक्के,” ऋजुता कोरड्या आवाजात म्हणाली. “तुला तुरुंगात घातलं मी. अकरा टक्क्यांसाठी.”

“तू नाही, मी. आणि गप्प बस, ऐकू दे.”

आधी कापड टरकावं तसा आवाज आला. मग जीपच्या चाकांखालचा कातळ एकदाच हादरला, आणि भाषण वाक्याच्या मध्येच थांबलं.

ऋजुताने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि कपाळ त्यांच्यावर टेकलं. प्रमिलाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, ती दहा वर्षांची असताना फिरवायच्या तसा.

ठोकळा मंडपापासून दोनशे पावलांवर पडला होता. तिथे दोऱ्या बांधून ‘कुटुंबकक्ष’ केला होता, लेकुरवाळ्यांसाठी. जांभ्या दगडात पुरुषभर खड्डा झाला होता, दगडाचे तुकडे मंडपाच्या कनातीतून आरपार गेले होते, आणि खड्ड्याच्या काठावर कुणाची तरी विसरलेली चटई जळत होती.

चौथ्या दिवशी, नियमाप्रमाणे, सुधारित अंदाज प्रसिद्ध झाला. सड्यावर जाणं टाळावं, असं त्यात म्हटलं होतं. ऋजुताला निलंबित केलं, कारण गाड्या वेळेआधी सोडल्याच्या तीन हजार एकशे बारा तक्रारी आल्या होत्या. प्रमिलाबाईंना जामीन मिळाला, तो वयाकडे बघून.

महिन्याभराने चौकशी अधिकारी घरी आले. परांजपे म्हणून, पन्नाशीचे, थकलेले. ऋजुताने चहा ठेवला. परांजप्यांनी टेबलावर फोटो मांडले. प्रयोगशाळेत तिन्ही पाट्या एकमेकींपासून सोडवल्या होत्या. सोन्याची सगळी अक्षरं वितळून बोल्टच्या भोकात सुपारीएवढा गोळा झाला होता. कुणाचं नाव कुठलं, ते ओळखायला मार्ग नव्हता. फक्त आतल्या पाटीच्या कोपऱ्यात, खोल ठोकलेला, एक ठसा स्वच्छ वाचता येत होता: ३८.०, प्र. ति.

“हा तुमचाच?”

“माझाच.”

“कबुली सोडली, तर तुमच्याविरुद्ध एवढा एकच पुरावा आहे,” परांजपे म्हणाले. मग फोटो गोळा करत, “आणि तुम्ही खरं बोललात, याचाही.”

त्यांनी चहा संपवला. निघताना, जरा ओशाळून, पिशवीतून आणखी एक कागद काढला. सड्यावर त्या जागी स्मारक व्हायचं ठरलं होतं. ज्यांच्या दूरदृष्टीमुळे प्राणहानी टळली, त्या मान्यवरांच्या नावांचा फलक. अनावरण पुढच्या महिन्यात.

ऋजुताने नावं वाचली आणि कागद आत्याकडे दिला. त्यात त्या दोघी नव्हत्या. प्रमिलाबाईंनी तो वरपासून खालपर्यंत वाचला.

“कसला करताय?”

“टायटॅनियमचा. वरून तसं आलंय.”

“वजन?”

परांजप्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. “वजनाचा रकाना नाही यात.”

प्रमिलाबाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला, ऋजुताकडून पट्टी आणि पेन मागून घेतलं आणि कागदाच्या उजव्या समासात एक सरळ रेघ मारली.